जनाबाईची वेणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी मला एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावयास सांगितले. त्याच सभेत दुसऱ्याही एका विषयावर बराच वेळ गप्पा रंगल्या होत्या. केसांना कोणते तेल लावावे, कोणता शांपू घ्यावा, कोणती जेल वापरावी, म्हणजे केस चापून चिकटविल्यासारखे न दिसता मूळचे जसे आहेत तसेच पण नीटनेटके दिसतील, असा तो विषय. घरी परतताना मनात आले, की हे दोन्ही विषय एकाच लेखात बसतील. आपल्या संतमंडळींत एक बाई अशी आहे, की तिचे केस कोणी, कोठे व काय लावून विंचरले हे तिच्या अभंगांतच सांगितलेले आहे. ती म्हणजे संत जनाबाई. तिचे चरित्र निवडण्यास माझ्याजवळ एक आपल्या गल्लीतलेही कारण आहे; ते पुढे सांगेन.

जनाबाई गंगाखेडची. हे गाव परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी आहे. वडिलांचे नाव दमा, आईचे करुंड. दोघेही विठ्ठलाचे भक्त होते. परंपरा अशी सांगते, की जनी लहान असतानाच आई गेली आणि वडिलांनी तिला पंढरपुरास आणून दामाशेटी शिंप्यांच्या स्वाधीन केले. या दामाशेटींचे चिरंजीव म्हणजे संत नामदेव. नामदेवांचा जन्म १२७० चा. लहानग्या नामदेवाला जनीने कडेवर खेळविले असे म्हणतात, त्याअर्थी ती त्यांच्याहून थोडी मोठी असावी.

आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करीत आपल्या धाराशिवात येते आणि पुढे तुळजापूर, सोलापूरमार्गे पंढरीला जाते. दरवर्षी पालखीतल्या बायाबापड्यांना पाणी देताना मला त्या पोरक्या मुलीची आठवण होते. तीही याच बाजूच्या कुठल्यातरी वाटेने वडिलांचे बोट धरून गेली असेल. परत मात्र एकटे वडीलच आले असतील.

दामाशेटींचे घर मोठे होते. सासू गोणाई, सून राजाई, पुढे नारा, विठा, गोंदा, महादा हे नामदेवांचे चार मुलगे आणि त्यांच्या बायका, असा सगळा गोतावळा. जनाबाईने आपल्या अभंगात या सर्वांची नावे घेतली आहेत आणि शेवटी दासी म्हणून स्वतःला मोजले आहे. दळण, कांडण, झाडलोट, सडा, पाणी, धुणे, शेणी गोळा करणे ही तिची नित्याची कामे. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांतला विठ्ठल गाभाऱ्यात कमी आणि तिच्या कामात अधिक दिसतो. तो तिच्याबरोबर जात्याचा खुंटा धरतो, केर भरतो, पाणी वाहतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून दाखवितात ते जाते आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असेल.

आता केसांकडे येऊ. भगिनींनो, घरात दहा-पंधरा माणसांचे करणाऱ्या बाईला स्वतःची वेणी घालावयास वेळ कोठून मिळणार? आणि आई नाही, बहीण नाही, तर मागून केस विंचरून देणार कोण? जनीच्या डोक्याचे हाल झाले, उवांनी तिला जेरीस आणले. एका अभंगात ती सांगते, की तेव्हा विठाबाई धावून आली. येथे देव पुरुष राहिलेलाच नाही, तो आई झाला आहे. त्याने आपल्या हाताने तिचा बुचडा सोडला, उवा मारल्या, केस विंचरून मोकळे केले, आणि जनीला स्वच्छ वाटले. दुसऱ्या अभंगात ती तुळशीच्या बनात वेणी उकलीत बसली आहे, देव हातात लोणी घेऊन तिचे डोके चोळतो आहे आणि अंगावर पाणी घालतो आहे. कारण इतकेच, की जनीला दुसरे कोणी नाही.

हे अभंग लहानपणापासून मी ऐकत आले. पण त्यांत न्हाणावयाची सारी रीत क्रमाने दिली आहे हे फार उशिरा ध्यानात आले. आधी गाठ सोडावयाची, मग स्निग्ध पदार्थ चोळावयाचा, मग विंचरावयाचे, मग पाण्याने धुवावयाचे. यात लोणी लावले ते लाडाने तर खरेच, पण उपयोगीही आहे. केसांचे धागे बुळबुळीत झाले की गुंता सरकतो, केस तुटत नाहीत. उवाही मंदावतात आणि फणीत सापडतात. लिखा मात्र तेलाने वा लोण्याने मरत नाहीत. त्या साधारण आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात, म्हणून बारीक फणी दोन-तीन आठवडे पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. आज लोण्याचा आग्रह नको, ते आंबूस वास मारते. खोबरेल तेच काम करते. धुण्याआधी खोबरेल लावले तर केसांतले प्रथिन कमी झिजते, असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे.

जनाबाईच्या चरित्रात आपल्या जिल्ह्याचाही एक धागा आहे. तेरणेकाठचे तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटीने एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले, आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले. ज्या नामदेवांना जनी गुरू मानी, त्यांच्या घडणीतले हे मोठे वळण एका कुंभाराच्या थापटीने आले.

तेरला गेलात तर लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालयही पाहून या. तेर म्हणजे प्राचीन तगर. सातवाहनांच्या काळी येथला माल पश्चिमेच्या बंदरांतून परदेशी जात असे. तेथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. अंगावर दागिने आहेत, केसांची रचना हौसेने केलेली आहे. ती पाहताना वाटते, की असे केस एकटीने बांधता येत नाहीत. मागे कोणीतरी दासी उभी असणार. जनाबाई ही त्या दासींच्याच ओळीतली. फरक एवढाच, की तिच्यामागे देव उभा राहिला.

तिचे पुढचे आयुष्यही सोपे गेले नाही. देवाच्या गळ्यातले पदक नाहीसे झाले आणि ते जनीच्या खोपटात सापडले, म्हणून तिच्यावर चोरीचा आळ आला. तिला सुळावर द्यावयास नेले आणि सुळाचे पाणी झाले, अशी कथा आहे. कथेतला चमत्कार कोणी मानो वा न मानो; दासीवर संशय पहिल्यांदा येतो, हे त्यातले सत्य आजही घरोघरी दिसते. पण जनी दबली नाही. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारातून भजन करीत जाईन, असे सांगण्याइतकी ती धीट झाली. नामदेवांच्या कुटुंबाबरोबर १३५० साली तिने पंढरपुरी देह ठेवला असे मानतात.

आता गल्लीतले कारण. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या एक आजी घसरून पडल्या. उजवा हात मोडला. प्लास्टर निघाले तरी हात खांद्याच्या वर जाईना. स्वयंपाकाचे कोणी ना कोणी पाहत असे, मीही भाजी नेऊन देई. पण डोक्याचा विचार कोणी केला नाही. तीन महिन्यांत मागचे केस गुंतून त्यांचा एक घट्ट गोळा झाला. शेजारणी म्हणू लागल्या, की ही देवीची जट आहे, हिला कात्री लावू नये, फणीही लावू नये, हळदकुंकू वाहावे. आजीही घाबरल्या. खाज असह्य झाली, मानेवर फोड आले, रात्रीची झोप गेली, तरी त्या कोणाला हात लावू देईनात. मी दोन घरे पलीकडे राहते. रोज त्यांना ओट्यावर बसलेले पाहत होते आणि बोलले नाही. देवीचा कोप नको, असे मलाही आतून वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

जट का होते हे मी नंतर समजून घेतले. आपल्या प्रत्येकीचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. ते फणीबरोबर निघून जातात म्हणून कळत नाही. विंचरणे थांबले की गळलेले केस डोक्यातच अडकतात, घाम, तेल आणि धूळ मिळून त्यांचा दोर वळला जातो. यात कोप नाही आणि कृपाही नाही. पण ही माहिती सांगून आजींची भीती गेली नसती. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. म्हणून मंडळाच्या चौघीजणी एका दुपारी गेलो आणि त्यांना जनाबाईचाच दाखला दिला. प्रत्यक्ष पांडुरंगाने जिचा बुचडा सोडला, उवा मारल्या, त्याला विटाळ झाला नाही की राग आला नाही. मग गुंता सोडविला म्हणून आई भवानी का रागावेल? आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी आपणहून पाठ आमच्याकडे केली.

तीन दुपारी लागल्या. कोमट खोबरेल जिरवून बोटांनी एकेक बट सैल केली. फणी मुळाकडून न घालता टोकाकडून घातली, वरचे केस मुठीत धरून, म्हणजे ओढ बसत नाही. मधला लिंबाएवढा भाग सुटेचना, तो त्यांच्या परवानगीने कापला. मानेवरच्या फोडांसाठी डॉक्टरांचे औषध आणले. फोड बसल्यावर शिकेकाईने न्हाऊ घातले आणि बारीकशी वेणी घातली. वेणी फार घट्ट घातली म्हणून आजी आमच्यावर रागावल्या! तो राग ऐकून आम्हा चौघींना फार बरे वाटले.

आता चर्चेतल्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देते.

आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. अशा पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो आणि ते निस्तेज दिसतात. शिकेकाई-रिठ्याचा फेस असा थर धरीत नाही. फक्त डोळे सांभाळावेत. केस पातळ व सरळ असतील तर तेल न्हाण्याआधी लावावे, नंतर नाही. नंतर लावल्यास केस टाळूला चिकटतात. कुरळ्या केसांना कोरडेपणी विंचरू नये. ओले असतानाच रुंद दातांच्या फणीने सोडवावेत आणि नैसर्गिक वळण तसेच राहू द्यावे.

बट जागेवर राहावी म्हणून जेल हवी असेल तर आपल्या रानातले जवस पुरे. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळावे, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाट झाले की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळावे. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. वाटाण्याएवढे घेऊन तळहातांवर चोळावे व ओल्या केसांवरून हात फिरवावा. वाळेपर्यंत केसांना हात लावू नये, म्हणजे वळण राहते आणि लावलेले दिसत नाही.

रंगाविषयी एक अनुभव. काळी मेंदी म्हणून मिळालेली पूड मी एकदा लावली आणि दुसऱ्या दिवशी कपाळ व पापण्या सुजल्या. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस येतो, काळा कधीच नाही. काळेपणासाठी त्यात रसायन घातलेले असते आणि ते काहींना अजिबात सोसत नाही. म्हणून कोणताही रंग लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडा लावून ४८ तास थांबावे. केस सरळ करण्याच्या औषधांत काही अशी असतात, की तापविल्यावर त्यांतून फॉर्मलडिहाइड हा घातक वायू सुटतो. बाटलीवरचे वाचावे, विचारावे, आणि शंका आली तर केस आहेत तसे राहू द्यावेत.

असो. एवढे लिहिले तरी माझ्या मते खरी गोष्ट बाटलीत नाही. मूळचे केस सुंदर दिसावयास ते स्वच्छ व मोकळे असावे लागतात, आणि ज्या बाईचा हात मागे पोहोचत नाही तिच्यासाठी दुसऱ्या कोणाचा तरी हात असावा लागतो. जनाबाईला कोणी नव्हते म्हणून देवाला यावे लागले. आपल्या गल्लीत तशी पाळी येऊ नये. मंडळाच्या नव्या वर्षात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आपण चौघी-पाचजणी तेलाची वाटी व फणी घेऊन निघावे, ज्या घरी आजारी, म्हातारी किंवा एकटी बाई असेल तिचे डोके विंचरून द्यावे, अशी माझी सूचना आहे. आजींच्या घरी आम्ही अजूनही जातो. वेणी आता सैल घालतो.