सचोटीची पत : लेव्ही मॉर्टन

धनिकांची चरित्रे वाचताना त्यांनी किती मिळविले, हेच आम्ही प्रथम पाहतो. लेव्ही मॉर्टन यांच्या चरित्रात आम्हांस भावले, ते त्यांनी परत केलेले धन.

अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात, शोरहॅम या गावी, १६ मे १८२४ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयातच दुकानात नोकरी करून ते व्यापार शिकले व पुढे न्यूयॉर्क येथे कापडाचे मोठे व्यापारी झाले. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील येणी बुडाली आणि पेढीचे दिवाळे निघाले. धनकोंनी निम्म्या रकमेवर तडजोड केली. कायद्याने मॉर्टन ऋणमुक्त झाले. परंतु त्यांच्या मनाला ते पटले नाही. १८६३ साली त्यांनी बँक काढली. भाग्य पालटताच त्यांनी जुन्या धनकोंना भोजनास बोलाविले आणि प्रत्येकाच्या ताटाखाली उरलेल्या रकमेचा सव्याज धनादेश ठेवला, असे सांगतात.

१८८० साली चालून आलेली उपाध्यक्षपदाची उमेदवारी त्यांनी नाकारली. ती स्वीकारणारे चेस्टर आर्थर, गारफील्ड यांच्या हत्येमुळे, १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले! मॉर्टन फ्रान्समध्ये वकील म्हणून गेले; १८८४ मध्ये स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अमेरिकेच्या वतीने त्यांनीच स्वीकारला. १८८९ ते १८९३ पर्यंत ते उपाध्यक्ष होते. पुढे ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले. १९२० साली, शहाण्णवाव्या वाढदिवशीच, त्यांचे देहावसान झाले.

हुकलेल्या राष्ट्राध्यक्षपदाची हळहळ आम्हांस वाटते खरी. परंतु पद दैवाधीन असते, पत मात्र ज्याची त्याने राखावयाची असते.