रात्रीच्या खेपा

मृग लागला तरी 1948 साली आमच्या निंबर्ग्यास पेरणीची लगबग म्हणावी तशी नव्हती. गाव निजामाच्या राज्यातले, गुलबर्गा जिल्ह्यात आळंदच्या बाजूचे. पश्चिमेला काही कोसांवर अक्कलकोट-सोलापूरचा मुलूख, म्हणजे हिंदी संघराज्याची हद्द. मधल्या त्या पट्ट्यात दिवेलागणीनंतर कोणी घराबाहेर पडत नसे. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. एरवी आम्ही मुले माळवदावर निजत असू, ते रझाकारांच्या भीतीने बंद झाले होते. कधी मध्यरात्री दूरवर विमानाची घरघर ऐकू येई. मोठी माणसे उठून कानोसा घेत आणि बिदरला बंदुका उतरत असल्याचे एकमेकांत कुजबुजत. त्या विमानाला आमच्या घरी नाव नव्हते, ते आणणाऱ्यालाही नव्हते. आषाढात आमच्या आबांनी बायकामुलांना बैलगाडीने सोलापूरला पाठवले. त्यांच्या मनात जी अनेक कारणे होती, त्यांत ती घरघर हे एक होते.

त्या माणसाचे नाव मला फार उशिरा कळले. सिडनी कॉटन. 1969 साली राल्फ बार्कर ह्यांनी लिहिलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले. ते वाचावयास घेतले तेव्हा माझ्या मनात त्याची मूर्ती ठरून गेलेली होती: पैशासाठी कोणालाही शस्त्रे पोचवणारा एक भाडोत्री गोरा. पुस्तक मिटताना ती मूर्ती तशीच राहिली असती तर बरे झाले असते.

कॉटनचा जन्म 17 जून 1894 रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात, प्रॉसरपाइनजवळ झाला. वडील मोठे पशुपालक. 1915 साली तो ब्रिटिश नौदलाच्या विमानशाखेत भरती झाला. त्या काळची विमाने उघडी असत. उंचावरच्या थंडीने वैमानिकांची बोटे आखडत, शुद्धही हरपे. एकदा कॉटन घाईत आपल्या तेलकट, वंगणाने माखलेल्या कामाच्या कपड्यांतच उडाला. खाली आल्यावर पाहतो तो इतर मंडळी गारठून गेलेली आणि हा मात्र ठीक! वंगणाने कापडाची छिद्रे बुजून आतली ऊब आतच राहिली, हे त्याने ओळखले. आत पातळ फर, मध्ये हवा न शिरू देणारे रेशीम आणि बाहेर चिवट कापड असा एकसंध पोशाख त्याने लंडनमध्ये शिवून घेतला. हाच तो सिडकॉट सूट. पुढची कित्येक वर्षे वैमानिक त्यात ऊब घेत होते. ही बुद्धी कारखान्यातल्या शास्त्रज्ञाची नव्हे; आपल्याकडचा हुशार गडी मोट गळू लागली की जे करील, त्या जातीची आहे.

वरिष्ठांशी मात्र त्याचे कधी पटले नाही. 1917 मध्येच त्याने नोकरी सोडली. त्यानंतर न्यूफाउंडलंडच्या बर्फात टपाल नेणे, हवेतून सीलचे कळप हुडकणे, पुढे रंगीत छायाचित्रणाचा धंदा, असे त्याने बरेच काही केले. पैसा मिळवला, घालवला.

त्याच्या आयुष्यातला खरा मोलाचा काळ 1939 चा. ब्रिटिश गुप्तहेर खात्याने त्याला हाताशी धरले. व्यापाऱ्याच्या मिषाने तो लॉकहीड विमान घेऊन जर्मनीवरून उडे आणि पोटात लपवलेले कॅमेरे खालची ठाणी टिपीत. भिंगांवर दव जमू नये म्हणून त्याने त्यांच्यावरून गरम हवा खेळवली. युद्ध सुरू झाल्यावर स्पिटफायर विमानांच्या बंदुका काढून त्यांना फिकट हिरवट रंग दिला आणि केवळ वेग व उंची ह्यांच्या जोरावर शत्रूची छायाचित्रे आणण्याची पद्धत घालून दिली. हिटलरविरुद्धच्या लढ्यात हे काम लहान नव्हते. तरीही जून 1940 मध्ये त्याला त्या पदावरून दूर केले गेले. 1941 साली त्याला ओबीई हा किताब मिळाला, आणि त्याच साली तो वायुदलातून बाहेर पडला.

असा हा माणूस 1948 मध्ये आमच्या आकाशात आला.

इतर बहुतेक संस्थानांचे विलीनीकरण कागदावर, सह्यांनी झाले. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ती आठवण दरबारी थाटाची असेल. हैदराबादने नोव्हेंबर 1947 मध्ये केवळ जैसे थे करार केला. संघराज्याने नाकेबंदी आवळली, आणि निजाम सरकारने कॉटनशी सौदा केला. त्याने ह्या कामी अ‍ॅव्हरो लँकॅस्ट्रियन विमाने आणली. लँकॅस्टर ह्या प्रसिद्ध बाँबफेकी विमानाचे हे मुलकी रूप: बंदुकांचे मनोरे काढलेले, नाक लांबवलेले, पण चार मर्लिन एंजिने तीच. मालवाहू म्हणून ते गैरसोयीचेच. पोट अरुंद, पंखांचे आडवे दांडे आतून गेलेले, मोठे दार नाही. पेट्या हातोहात सरकवाव्या लागत. आज भारतीय वायुदलाचे सी-17 सत्तर टनांहून अधिक वजन उचलते आणि त्याच्या पोटात रणगाडा चालत शिरतो. त्यापुढे लँकॅस्ट्रियन म्हणजे छकडाच. परंतु त्याची खरी ताकद पल्ल्यात होती. कराची ते बिदर हे सरळ अंतर सुमारे 1300 किलोमीटर. नाकेबंदीमुळे हैदराबादेत पेट्रोलची चणचण. तेव्हा येतानाच परतीचे पेट्रोल घेऊन येऊ शकेल असेच विमान हवे होते. कॉटनने ते अचूक हेरले. रात्री कराचीहून निघावयाचे, बिदर किंवा वरंगळला माल उतरवावयाचा आणि परत फिरावयाचे.

त्याच महिन्यांत, त्याच जातीची विमाने युरोपात कोंडलेल्या बर्लिनला इंधन पोचवीत होती. कॉटनच्या बाजूने पाहिले तर हीही एक नाकेबंदीच, आणि त्याच्या खेपांत औषधे व इतर सामानही असे. हे मला समजते. पण बर्लिनच्या लोकांना त्या विमानांची वाट पाहावीशी वाटत होती आणि आम्ही माळवदावरून खाली उतरत होतो, हा फरक कराचीच्या धावपट्टीवरून दिसत नसावा. मे 1948 मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला रझाकारांनी जी कत्तल केली, तिला त्याच्या खेपा जबाबदार नव्हत्या; ती आधीच झालेली. पण त्यानंतर येणारी प्रत्येक पेटी कोणाच्या हाती पडेल, ह्या धास्तीने आमचा सारा मुलूख रात्र काढीत होता.

13 सप्टेंबरला हिंदी सैन्य हद्दीत शिरले. पहिल्याच दिवशी टेंपेस्ट विमानांनी बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बाँब टाकले. पाच दिवसांत सारे संपले. एवढ्या खटाटोपाने आणलेली शस्त्रे राज्य वाचवू शकली नाहीत. त्यानंतर जे घडले तेही सांगावयास हवे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ह्या चार जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांचे सर्वाधिक हाल झाले, असे पंडित सुंदरलाल समितीला आढळले. दसऱ्याच्या सुमारास आम्ही परतलो तेव्हा आमच्या गल्लीतले पिंजाऱ्याचे घर उघडे पडलेले होते. माझी आई त्या दिवशी जेवली नाही.

कॉटनवर लंडनमध्ये खटला होऊन 200 पौंड दंड झाला. मी तो आकडा दोनदा वाचला. 13 फेब्रुवारी 1969 रोजी इंग्लंडमध्ये ईस्ट ग्रिन्स्टेड येथे तो वारला. अनेकदा मिळवलेल्या संपत्तीपैकी शेवटी फारसे काही उरले नव्हते. त्याचे अवशेष क्वीन्सलंडला नेले गेले.

बिदरच्या त्या धावपट्टीवर आता आपल्या वायुदलाची तरुण मुले विमान चालवावयास शिकतात. माझा नातू मला एकदा तिकडे घेऊन गेला होता. कुंपणाबाहेर उभे राहून मी एक विमान उतरताना पाहिले. आवाज वेगळा होता, तरी मी नकळत त्याचा हात धरला.