बावीस कोटींचं उत्तर धुळपाटीवर काढणारे भास्कराचार्य

बीड : मोबाईलला गणित घातलं की क्षणात उत्तर येतं. पण एकेक आकडा तपासत बसायचं झालं तर यंत्रालाही कोट्यवधी वेळा तेच काम करावं लागतं. साडेआठशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी असल्या गणिताला चांगली आडवाट दिली.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे सन १११४ चा. गाव विज्जडविड. काही अभ्यासक म्हणतात ते आपलं बीड, काही म्हणतात चाळीसगावजवळचं पाटण. वाद मिटलेला नाही, आणि गाव आपलं म्हणून आम्ही निकाल देणं बरं दिसत नाही. वडील महेश्वर ज्योतिषी होते, तेच गुरू. ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग.

बीजगणितात एक कोडं आहे. शून्य सोडून अशी संख्या शोधा, की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा. दिसायला सोपं. पण १, २, ३ असं तपासत गेलात तर पहिलं उत्तर थेट २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८० वर सापडतं! धुळपाटीवर हे व्हायचं कसं?

भास्कराचार्यांनी चूक टाकून दिली नाही, ती कामाला लावली. १ घेऊन बघा. ६१ मध्ये ३ मिळवले की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. मिळवायचा होता १, लागले ३. आता ८ मध्ये अशी संख्या मिळवायची, की बेरजेला त्या ३ ने भाग जावा आणि तिचा स्वतःचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ८ घेतले तर १६, भाग जात नाही. ७ घेतले तर १५, भागून ५. पुढचा अंदाज ५. पंचवीस गुणिले ६१ म्हणजे १५२५, आणि ३९ चा वर्ग १५२१. फरक फक्त ४ चा. इथं ब्रह्मगुप्तांची जुनी युक्ती लावली की उत्तर हातात.

चाकासारखी फिरते म्हणून ही पद्धत चक्रवाल. ती आधी जयदेवांनी मांडली होती, तेव्हा सगळं श्रेय एकट्याला देऊ नये. फ्रान्सच्या फर्मा यांनी हाच ६१ चा प्रश्न १६५७ मध्ये, पाचशे वर्षांनी, युरोपातल्या गणितज्ञांना घातला. आजची शिकणारी यंत्रंही अंदाज करतात, चूक मोजतात, पुढचा अंदाज सुधारतात. फक्त त्यांची सुधारणा थोडी थोडी होते, चक्रवालातली नेमकी असते.

११८३ मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगाच्या आकडेमोडीचा ग्रंथ लिहिला. पुढं नातू चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला. १२०७ च्या तिथल्या शिलालेखात मठाला दिलेलं दान कोरलंय. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे, आणि त्यात बाजारच्या मालातला व घाण्याच्या तेलातला वाटा मठाला लावून दिलाय.