भक्षक पेशींचा शोध घेणारे मेचनिकॉव्ह

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. त्या कापात केवळ कर्करोगाच्या पेशी नसतात. शरीराच्या संरक्षणासाठी धावून आलेल्या पेशीही त्यांच्यात मिसळलेल्या आढळतात. त्या कोणत्या प्रकारच्या आणि किती आहेत, यावरून रुग्णाच्या भवितव्याचा काही अंदाज बांधता येतो. शरीरात अशा फिरत्या पहारेकरी पेशी असतात, हा विचार ज्यांनी आयुष्यभर लढून प्रस्थापित केला, ते प्राणिशास्त्रज्ञ म्हणजे एली मेचनिकॉव्ह.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ मध्ये, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील आणि आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या गावी झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला आणि पंचविशीतच ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले. बुद्धी तल्लख, पण मन कमालीचे हळवे. १८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिला यांच्याशी विवाह केला, तेव्हा क्षयाने खंगलेल्या वधूला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले होते. १८७३ मध्ये तिचे निधन झाले आणि मेचनिकॉव्ह यांनी जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने आजारी पडली. त्या निराशेच्या काळात, १८८१ मध्ये, त्यांनी एका ज्वराच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. याही वेळी ते मरणाच्या दारातून परतले.

विद्यापीठातील राजकारणाला कंटाळून त्यांनी १८८२ मध्ये राजीनामा दिला आणि कुटुंबासह सिसिलीतील मेसिना गाठले. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली असता ते एकटेच समुद्रताऱ्याच्या पारदर्शक अळ्या न्याहाळत होते. अळीच्या अंगात संचार करणाऱ्या पेशी पाहून त्यांच्या मनात आले, की बाहेरून काही घुसले तर या पेशी त्याच्याकडे धावतील. त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे अळ्यांच्या कातडीत खुपसले. सकाळी पाहतात तो, पेशींनी काट्यांना वेढा घातलेला. शत्रूला गिळणाऱ्या या भक्षक पेशीच शरीराच्या रक्षक होत, असा सिद्धान्त त्यांनी मांडला.

तो सहजासहजी स्वीकारला गेला नाही. रोगाशी लढतात ती रक्तद्रवातील द्रव्ये, असे जर्मन शास्त्रज्ञ आग्रहाने सांगत. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेने मेचनिकॉव्ह यांना आश्रय दिला आणि तेथूनच त्यांनी हा वाद लढवला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि विरोधी पक्षातील पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोन्ही पक्षांत तथ्य होते. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वॉल्डेमार हाफकिन याच पाश्चर संस्थेत आले. पुढे त्यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव मिरवते.

मात्र मेचनिकॉव्ह आपल्या लाडक्या पेशींचे आंधळे भक्त नव्हते. आकाराने मोठ्या असलेल्या भक्षक पेशींना त्यांनी मॅक्रोफेज हे नाव दिले आणि उतारवयात याच पेशी शरीराचे दुबळे भाग पोखरतात, असे प्रतिपादन केले. केस पांढरे होण्याचा दोषही त्यांनी भक्षक पेशींवरच ठेवला. आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार त्यांनी केला, तो वार्धक्य लांबवण्यासाठीच. वार्धक्याविषयीचे त्यांचे बरेचसे तर्क पुढे टिकले नाहीत. पण रक्षकच उलटू शकतो, ही शंका मोलाची होती.

कर्करोग हा त्यांचा मुख्य विषय नव्हता, तरी त्या शंकेचा प्रत्यय आज स्तनाच्या गाठीत येतो. लिम्फोसाइट या संरक्षक पेशींची गाठीत दाटी असेल, तर ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-२ पॉझिटिव्ह या प्रकारांत रुग्णाची वाटचाल सहसा अधिक चांगली होते. संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठींत मात्र हे गणित इतके सरळ नाही. मॅक्रोफेजची कहाणी निराळी. गाठीच्या प्रभावाखाली त्या फितूर होतात. नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस मदत करतात, कर्करोगाच्या पेशींना रक्तात शिरण्याची वाट करून देतात आणि लिम्फोसाइटचे हात बांधतात. म्हणूनच अनेक अभ्यासांत त्यांची गर्दी प्रतिकूल लक्षण ठरली आहे. या फितुरांना पुन्हा आपल्या बाजूला वळवता येईल का, हा आजच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

जुलै १९१६ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, मेचनिकॉव्ह यांचे पॅरिसमध्ये हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात जतन केल्या आहेत. तारुण्यात दोनदा मृत्यूला कवटाळू पाहणाऱ्या या माणसाने उरलेले आयुष्य शरीर जगण्यासाठी कसे झुंजते, हे शोधण्यात वेचले. गाठीतील पेशी मोजून रुग्णाला धीर देणाऱ्या किंवा सावध करणाऱ्या आजच्या डॉक्टरांच्या हाती त्या शोधाचेच फळ आहे.