ऑस्कर बार्नाक आणि त्यांचा लहानसा कॅमेरा

छायाचित्रकारांच्या जगांत ऑस्कर बार्नाक हें नांव मोठ्या आदरानें घेतलें जातें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस तें अपरिचित असण्याचा संभव आहे, म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

बार्नाक यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1879 रोजीं जर्मनींतील ब्रांडेनबुर्ग प्रांतांत, बर्लिनच्या दक्षिणेस असलेल्या लिनो नांवाच्या खेड्यांत झाला. विद्यापीठाचें शिक्षण त्यांना मिळालें नाहीं. यंत्रकाम शिकण्यासाठीं त्यांनीं उमेदवारी केली, आणि ती संपल्यावर त्या देशांतील जुन्या प्रथेस अनुसरून ते गांवोगांव काम करीत फिरले. 1902 सालीं येना येथील झाइस यांच्या विख्यात कारखान्यांत त्यांना जागा मिळाली. तेथें त्यांनीं सुमारें आठ वर्षें काढलीं, व केंसाएवढ्या मापाचीही हयगय न करण्याचें वळण त्यांच्या हाताला तेथेंच लागलें.

प्रकृति मात्र त्यांना साथ देत नव्हती. त्यांना दम्याचा विकार होता, आणि नाद होता तो डोंगरांतून हिंडून छायाचित्रें घेण्याचा! त्या काळीं छायाचित्र घ्यावयाचें म्हणजे 13 बाय 18 सेंटिमीटर मापाच्या कांचेच्या प्लेटी, त्यांच्यासाठीं पेटीएवढा कॅमेरा, आणि तो उभा करण्यास तिवई, एवढें सारें बरोबर न्यावें लागे. असलें ओझें घेऊन चढण चढतांना दमेकऱ्याची काय अवस्था होत असेल, हें ज्यांनीं आपला घाट पायीं चढला आहे त्यांना सांगावयास नको. ओझें कमी करावें म्हणून बार्नाक यांनीं एकाच प्लेटीवर अनेक चिमुकलीं चित्रें घेऊन पाहिलीं. पण तीं मोठीं करतांच त्या वेळच्या प्लेटींचे जाड कण दिसूं लागत व चित्र बिघडे. तो विचार तेवढ्यापुरता मागें पडला.

2 जानेवारी 1911 रोजीं ते वेट्झलार येथील लाइट्झ यांच्या कारखान्यांत रुजू झाले. तेथें आधींच गेलेले त्यांचे मित्र मेखाउ यांनीं त्यांची शिफारस केली होती. लान नदीच्या कांठचें हें लहानसें शहर. महाकवि गटे 1772 सालीं कांहीं महिने येथें राहिले होते. लाइट्झ यांचा धंदा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा. क्षयाचे जंतु शोधून काढणारे डॉक्टर कॉख यांना 1907 सालीं त्यांनीं अर्पण केलेलें यंत्र तेथील एक लक्षावें होतें. असल्या नाणावलेल्या पेढीस कॅमेऱ्याची गरज नव्हती.

चलच्चित्रपटाच्या कामाचा प्रयोग करीत असतांना बार्नाक यांच्या हातीं सिनेमाची 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म आली. तिचे कण प्लेटींपेक्षां बारीक होते. सिनेमाचें एक चित्र 18 बाय 24 मिलिमीटरचें. बार्नाक यांनीं फिल्म आडवी चालविली आणि दोन चित्रांची जागा एका चित्रास दिली. 24 बाय 36 हें जें माप आजही सर्वत्र चालतें, तें असें ठरलें. 1914 च्या सुमारास त्यांनीं स्वतःच्या वापरासाठीं धातूचा एक कॅमेरा केला. फिल्म पुढें सरकविली कीं त्याच हालचालीनें पडदाही सज्ज होई, म्हणजे एकावर एक दोन चित्रें पडण्याची भीति उरली नाहीं. इतक्यांत महायुद्ध सुरू झालें आणि कॅमेरा तसाच राहिला. तरी बार्नाक तो घेऊन हिंडत असत. 1920 सालीं लानच्या पुरानें वेट्झलारच्या गल्ल्यांत पाणी शिरलें, तेव्हांचीं त्यांनीं घेतलेलीं चित्रें अद्याप पाहावयास मिळतात.

युद्धानंतर जर्मनीवर जी आपत्ति आली ती इतिहासाच्या वर्गांत शिकवितातच. 1923 सालीं नोटांची किंमत कागदाएवढीही उरली नाहीं. कारखान्यांतील कामगारांस काम कोठून द्यावें, हा मालकांपुढें प्रश्न होता. बार्नाक यांच्या कॅमेऱ्याचे थोडे नमुने तयार झाले होते, पण ज्या व्यापाऱ्यांना ते दाखविले त्यांतील अनेकांनीं नाकें मुरडलीं. 1924 च्या जून महिन्यांत धाकटे एर्न्स्ट लाइट्झ यांनीं सल्लागारांची बैठक घेतली. बहुतेकांचें मत प्रतिकूल होतें. सर्वांचें ऐकून घेऊन शेवटीं कॅमेरा काढण्याचें धाडस करण्याचें लाइट्झ यांनीं ठरविलें. आमच्या मतें या चरित्रांत बार्नाक यांच्या खालोखाल मान या मालकांस दिला पाहिजे. कारण बेत फसता तर त्याबरोबर कारखाना आणि गांवांतील शेंकडों चुली संकटांत आल्या असत्या.

1925 सालीं लाइपझिगच्या जत्रेंत हा कॅमेरा लोकांपुढें आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांचीं आरंभींचीं अक्षरें जोडून त्याचें नांव लायका ठेवलें. माक्स बेरेक या शास्त्रज्ञांनीं त्याचें भिंग सिद्ध केलें होतें. एका फिल्मवर 36 चित्रें येत, आणि सारें यंत्र कोटाच्या खिशांत मावे.

एक अडचण मात्र उरली. समोरची वस्तु किती अंतरावर आहे हें नेमकें कळल्याशिवाय भिंग ठीक बसवितां येत नाहीं. आरंभीं त्यासाठीं अंतर मोजणारी एक निराळी नळी वर लावावी लागे. तींतून अंतर पाहावें, मग तो आंकडा भिंगावर फिरवावा, तोंवर समोरचें मूल पळून जाई! 1932 च्या दुसऱ्या लायकांत बार्नाक यांनीं हा अंतरमापक, म्हणजेच रेंजफाइंडर, भिंगाशींच जोडून टाकला. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन लहान खिडक्या असतात. एकींतून वस्तु सरळ दिसते, दुसरींतून आंतील आरशाच्या योगानें तिचीच दुसरी प्रतिमा येते. भिंग फिरविलें कीं त्याच्या मागची कड एका चिमुकल्या चाकास ढकलते, आणि दुसरी प्रतिमा बाजूला सरकूं लागते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बेमालूम बसल्या कीं भिंग ठीक बसलें. आपल्या दोन डोळ्यांनीं अंतर ओळखण्याची जी युक्ति, तीच ही.

ज्यांच्याजवळ जुना लायका होता त्यांना तो टाकावा लागला नाहीं. कारखान्याकडे पाठविल्यास त्यांत अंतरमापक बसवून मिळे, आणि कॅमेऱ्याचा क्रमांक पूर्वींचाच राही. आजच्या कारखानदारांनीं ही गोष्ट जरूर लक्षांत घ्यावी.

दमा कधीं सुटलाच नाहीं. 16 जानेवारी 1936 रोजीं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, बाड नाउहाइम येथें बार्नाक यांचें देहावसान झालें.

त्यांच्या कॅमेऱ्याच्या नकला त्यांच्या हयातींतच निघूं लागल्या होत्या. 1934 पासून खार्कोव्ह येथील निराश्रित मुलांच्या श्रमवसाहतींत फेड नांवाचा कॅमेरा होऊं लागला. परवानगीवांचून नक्कल करणें चांगलें नव्हे. तथापि शाळकरी वयाच्या अनाथ मुलांनीं इतकें सूक्ष्म काम हातावेगळें करावें, याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. याच फेडवर पुढें लबाडांनीं लायकाचें नांव कोरून ते विकले. मुंबईच्या चोरबाजारांत किंवा अन्यत्र असा जुना कॅमेरा दिसल्यास भिंग काढून आंत पाहावें. अंतरमापकाच्या दांडीच्या टोंकास गोल चाक असणें हें खऱ्या लायकाचें लक्षण. फेडला तेथें पाचरीसारखें टोंक असतें. मग कॅमेरा दिव्यासमोर धरावा. पडदा रबर लावलेल्या कापडाचा असतो, आणि उघडें भिंग उन्हाकडे राहिल्यास तें आगकांचेप्रमाणें त्यास बारीक भोंकें पाडतें.

बार्नाक हे हातानें काम करणारे गृहस्थ असल्यामुळें त्यांचें यंत्र दुसऱ्या कारागिरास उघडतां येतें. स्क्रू काढले कीं बाहेरचें कवच निघतें आणि पडदा, दांतेरी चाकें, स्प्रिंगा मोकळ्या दिसतात. गोठलेलें वंगण पुसून नवें घालतां येतें, पडद्याचें कापड बदलतां येतें. अंतरमापक चुकला असल्यास भिंग अनंतावर ठेवून दूरचा मनोरा पाहावा, आणि दोन्ही प्रतिमा जुळेपर्यंत त्याचा लहान स्क्रू किंचित् फिरवावा. आमच्या इकडील पावसाळ्यांत भिंगावर बुरशी चढते, म्हणून कॅमेरा चामड्याच्या पेटींत कोंडून ठेवूं नये. फिल्म तळाकडून भरावयाची असते. तिचें टोंक सुमारें 10 सेंटिमीटर अरुंद कापून घ्यावें, नाहीं तर तिचे तुकडे चाकांत अडकतात. 35 मिलिमीटरची फिल्म अजून मिळते, त्यामुळें नव्वद वर्षांपूर्वींचे हे कॅमेरे आजही चालतात.

बार्नाक स्वतः वापरीत असत तो 105 क्रमांकाचा नमुना 2022 सालीं वेट्झलार येथील लिलांवांत 1 कोटी 44 लक्ष युरोंना गेला. त्यावर त्यांचें नांव कोरलेलें आहे. तो 1925 पूर्वींचा असल्यानें त्यास अंतरमापक नाहीं. एवढें धन मोजणाऱ्या धन्यासही फिल्म पुढें सरकवितांना भिंगावर हातानें झांकण घालावेंच लागेल.