अण्णांची पायपीट

आपल्या शाळेचे संस्थापक महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणजे आपले अण्णा. कोकणातल्या मुरुडला वाढलेले अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. १८९३ मध्ये त्यांनी शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. अण्णा डगमगले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये, प्लेगच्या दिवसांत, तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आला. कॉलेजातले तास संपवून अण्णा चिखल तुडवत तिथे पायी जात. आपल्या शाळेचे आणि वसतिगृहाचे मूळ ती झोपडीच. इथल्या वसतिगृहात राहून, गणिताच्याच जोरावर मी इंजिनिअर झाले. मैत्रिणींनो, एकेका मुलीचा वसतिगृहाचा खर्च उचलून अण्णांच्या पायपिटीचे ऋण थोडे तरी फेडू या.