आदिशक्ती मुक्ताबाई

आषाढीच्या पर्वकाळी वैष्णवांचे मेळे भीमातीरी लोटले असता, आळंदीच्या चौघां भावंडांतील धाकट्या बहिणीचे स्मरण आम्हांस विशेषत्वाने होते.

परंपरेने शके १२०१, म्हणजे सन १२७९, हे मुक्ताबाईंचे जन्मवर्ष मानले आहे. पिता विठ्ठलपंत संन्यासानंतर गुरूच्या आज्ञेने गृहस्थाश्रमात परतले आणि अवघे घर वाळीत पडले. शास्त्रीमंडळींनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. मातापित्यांनी ते शिरोधार्य मानले. तथापि संन्याशाची पोरे हा मुलांच्या कपाळीचा शिक्का पुसला गेला नाही. अपराध कोणाचा आणि शासन कोणास! शास्त्राच्या अभ्यासात आयुष्य वेचणाऱ्या आम्हांस येथे मान खाली घालावी लागते.

निवृत्तिनाथांस मांडे खाण्याची इच्छा झाली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. मुक्ताई खापर आणावयास कुंभाराकडे गेली, तो विसोबांनी कुंभारांस आधीच मना केले होते. ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापविली व बहिणीने तीवर मांडे भाजले, असे आख्यायिका सांगते. कीर्तनात आम्ही कीर्तनकार त्या चमत्कारावरच रंगतो. परंतु रिकाम्या हातांनी कुंभारवाड्यातून परतणारी ती पोर श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे क्षणभर तरी उभी राहावयास हवी. मातीचे एक खापर, तेही तिच्या वाट्यास येऊ नये! पुढे याच विसोबांस पश्चात्ताप झाला; विसोबा खेचर या नावाने ते नामदेवरायांचे गुरू झाले.

याहून कठीण प्रसंग घरातच घडला. लोकनिंदा जिव्हारी लागून ज्ञानदेव पर्णकुटीची ताटी लावून आत बसले. बाहेरच्यांनी वाळीत टाकणे एक, आणि माणसाने आपणच आपणांस कोंडून घेणे दुसरे. पहिल्यापेक्षा दुसऱ्याचा उपाय अवघड, कारण कडी आतून असते. मुक्ताई दाराशी उभी राहिली. वयाने लहान, परंतु तिने रडून विनवणी केली नाही, की निंदकांस शिव्याशाप दिले नाहीत. जनांचे बोल म्हणजे आपले स्वरूप नव्हे, याची ओळख तिने थोरल्या भावास करून दिली, असा त्या ताटीच्या अभंगांचा अर्थ आम्ही लावतो. ताटी उघडली. ज्याला जगाने अपवित्र ठरविले, त्याला त्याच जगावर दया करावयास सांगणारी ही बहीण तशाच बहिष्कारात वाढली होती, हे विसरू नये.

योगसामर्थ्याचा अभिमान वाहणाऱ्या चांगदेवांनी पुढे याच मुलीस गुरू केले.

सन १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानदेव व सासवडास सोपानदेव समाधिस्थ झाले. शके १२१९, म्हणजे सन १२९७ च्या वैशाखात तापीतीरी मेहूण येथे विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. जवळचे एदलाबाद आता त्यांच्याच नावाने मुक्ताईनगर म्हणविते. तेथून त्यांची पालखी दरवर्षी पंढरीस येते. वाटेतील गावे तिच्या स्वागतास सडा घालून, दारे उघडून उभी असतात.